एक काना जास्त

१२ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघंही खुशाल आहोत, म्हणजे निदान तब्येतीने. फोन सोडून ताईने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोन हातात घेतला की तुझे भावोजी शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात आणि माझी वाक्यं दुरुस्त करतात. परवा दूधवाल्याला सांगत होते की उद्यापासून दूध जास्त टाक, तर मागून सूचना आली की 'जास्त' नको, 'अधिक' म्हण. दूधवाल्याला 'अधिक' कळलं नाही आणि त्याने दूधच टाकलं नाही. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढायचा त्यांना पगार मिळाला. निवृत्त झाल्यापासून तेच काम ते घरी फुकट करतात, आणि घरात चुका करायला मी एकटीच.

म्हणून तर मी डोळ्यांच्या रुग्णालयात ते कापलेल्या फळांचं टेबल घेतलं, तुला ठाऊक आहेच. खालच्या मजल्यावर, नोंदणीच्या खिडकीसमोर. माणसं सकाळपासून ताटकळलेली असतात, एक बशी घेतात, बरं वाटतं त्यांना. गंमत सोड, पण एवढं वय झालं आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या हातचं मागून घेतं आणि खाऊन झाल्यावर आभार मानतं. घरी ताट सरकवलं जातं, तेवढीच काय ती पोचपावती.

आता त्या टेबलावरच गंडांतर आलंय. सफरचंद, पेअर, केळं, कापून ठेवलं की बघता बघता तपकिरी पडतं. सकाळचं ताजं फळ, पण लोक शिळं समजून नाक मुरडतात. डोळ्यांत थेंब टाकलेल्या माणसाला समोरची स्वतःची बायको धूसर दिसते, पण माझ्या सफरचंदाचा डाग त्याला खांबाआडून दिसतो. तक्रारी नव्या अधीक्षकांपर्यंत गेल्या. त्यांना तसंही माझ्या जागी बिस्किटांचं यंत्र बसवायचंय. यंत्र बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण, असं ते माझ्यासमोरच म्हणाले.

तर तू एवढा रसायनांचा प्राध्यापक आहेस, मला सोप्या भाषेत लिहून पाठव की हे असं का होतं आणि खाणाऱ्याला त्याने काही होतं का. मी त्याची पाटी रंगवून टेबलावर लावते. टेबल गेलं तर दिवसभर मी आणि तुझे भावोजी, दोघंच, समोरासमोर. बहीण हवी असेल तर लवकर लिही.

तुझ्या बायकोला सांग, तिने पाठवलेलं सुरीला धार लावायचं दगडी चाक अजून जोरात आहे. माया आहेच, ती वेगळी लिहायला लावू नकोस.

तुझी,
ताई

*

१८ जून

ती. स्व. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्ग चालू असताना उघडलं आणि दूधवाल्यापाशी मोठ्याने हसलो. मुलांना वाटलं, त्यांच्यापैकी कुणाची उत्तरपत्रिका आहे.

आता तुझं सफरचंद. त्याची एकेक पेशी म्हणजे एक चिमुकलं बिऱ्हाड आहे असं धर. एका खोलीत काही तुरट द्रव्यं राहतात आणि दुसऱ्या खोलीत एक विकर. मध्ये भिंत आहे तोवर दोघंही सुखात, एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. तू सुरी चालवलीस की भिंत पडते, दोघं समोरासमोर येतात, आणि बाहेरची हवाही आत घुसते. मग तो विकर त्या द्रव्यांची हवेतल्या प्राणवायूशी गाठ घालून देतो आणि त्यातून पुढे तपकिरी रंग तयार होतो. विकर हा लग्नं जुळवणाऱ्या मावशीसारखा असतो. स्वतः नामानिराळा राहतो. एक जोडी लावून दिली की पुढच्या घरी. म्हणून इवलासा विकर अख्खी बशी रंगवू शकतो.

यात नासणं-सडणं काही नाही. झाडाची ती एक प्रकारची खपलीच आहे. किडा चावला किंवा फांदी मोडली की जखमेवर असाच रंग चढतो आणि आत शिरणाऱ्याला ते जड जातं. तुझी सुरी सफरचंदाला किड्यापेक्षा वेगळी वाटत नाही, एवढंच. चहाची पानं काळी होतात तीसुद्धा याच कारणाने, आणि तिथे कुणी तक्रार करत नाही. टरबुजात हा प्रकार नावालाच, म्हणून ते बिचारं दिवसभर लाल राहतं.

उपाय सोपे आहेत. लिंबू पिळ, आंबटात हा विकर ढिला पडतो. नाहीतर फोडी किंचित मिठाच्या गार पाण्यात बुडवून झाकून ठेव, म्हणजे हवा लागणार नाही. सुरी धारदार हवी. बोथट सुरी कापते कमी आणि चेंगरते जास्त, मग भिंती उगाच अधिक पडतात. (भावोजींना सांग, 'अधिक' लिहिलंय.) उकळत्या पाण्यात विकर पुरता मरतो, पण तो मार्ग बटाट्यासाठी ठेव, उकडलेल्या पेअरला गिऱ्हाईक मिळायचं नाही.

पाटीवर मात्र 'विकर' हाच शब्द लिही. आमच्याकडे सगळे 'एन्झाइम' म्हणतात, मी एकटा हट्टाने विकर म्हणतो, आणि त्यामुळे चहाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. निदान एका पाटीवर तरी तो शब्द मोठ्या अक्षरात दिसू दे.

पुढच्या पत्रात टेबल वाचल्याची बातमी हवी. रागावण्याइतकी आठवण ठेव.

तुझा,
धाकटा

*

२९ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. या वेळी एकच, कारण थोडा तुझ्यावरही राग आहे.

तुझ्या पत्रावरून मी सुटसुटीत मजकूर केला होता: 'कापल्यावर फळे तपकिरी होतात ती त्यांतील विकरांमुळे. विकर सर्व फळांत निसर्गतःच असतात. खाणाऱ्यास अपाय नाही.' कागद पाटी रंगवणाऱ्याला द्यायचा होता. तो घरी आला तेव्हा मी फळबाजारात. तुझ्या भावोजींनी मजकूर वाचला, कपाळावर आठी घातली, तांबडी पेन्सिल काढली आणि दोन्ही ठिकाणी एकेक काना वाढवून कागद रंगाऱ्याच्या हातात दिला.

रंगारी मन लावून काम करणारा. डोळ्यांचे पेशंट वाचणार म्हणून त्याने वितीएवढाली अक्षरं काढली, म्हणजे मोतीबिंदूवाल्यालाही चुकवता येऊ नयेत. आणि पाटी परस्पर नेऊन माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगली, तोंड लोकांकडे. मी खाली बसून फळं कापतेय आणि वर अख्ख्या दालनाला दिसतंय: 'कापल्यावर फळे तपकिरी होतात ती त्यांतील विकारांमुळे. विकार सर्व फळांत निसर्गतःच असतात.'

मला वाटलं, काय गर्दी आहे आज! ज्यांच्या डोळ्यांत थेंब होते ते दुसऱ्यांकडून वाचून घेत होते. एका आजोबांनी विचारलं की सर्वांत कमी कशात आहेत. मला वाटलं तुझे विकर विचारतायत. मी म्हटलं टरबुजात, पण पेअरमध्ये भरपूर, आणि त्याची लाज कशाला बाळगायची? आजोबा दोन पावलं मागे सरकले. एका सुनेने सासूसाठी पेअरच्या दोन बश्या बांधून घेतल्या. शेवटी ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर आल्या आणि त्यांनी मला हाताला धरून समोर नेऊन उभं केलं. तोवर अर्धा दिवस मी लोकांना विकार विकले होते.

अधीक्षकांनी लगेच बोलावलं. त्यांचं म्हणणं असं की आता चौकशीची गरजच उरली नाही, विक्रेतीने स्वतःच पाटी लावून कबुली दिलीय, आणि तीसुद्धा एवढ्या ठसठशीत अक्षरात. टेबल बंद करण्याचा लेखी आदेश लवकरच निघेल. यंत्रवाला येऊन जागा मोजूनही गेला.

घरी येऊन जाब विचारला, तर तुझ्या भावोजींनी शांतपणे शब्दकोश समोर धरला. विकट आहे, विकत आहे, विकराळ आहे, पण विकर नाही. जो शब्द कोशात नाही तो पाटीवर कसा, असा उलट मलाच प्रश्न.

तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. पण त्यांना त्याचा पत्ता आहे असं वाटत नाही. मी बोलत नसल्यामुळे माझ्या हातून चुकाही होत नाहीत, त्यामुळे ते खुशीतच दिसतात. तू म्हणालास ना, मधली भिंत पडली की दोघांचं बिनसतं? छापखाना ही आमची भिंत होती रे.

आदेश येईपर्यंत लिंबू पिळून फळं विकतेय. गिऱ्हाईक नाही, पण फोडी कशा पांढऱ्याशुभ्र! तुझ्यावरचा राग पुढच्या पत्रापर्यंत पुरेलसं वाटत नाही.

ताई

*

४ जुलै

प्रिय मेहुणे यांस,

स. न. वि. वि.

आपले १८ जूनचे पत्र सौ.ने मेजावर आपटले, तेव्हा वाचनात आले. त्यात दोन ठिकाणी वेलांटी चुकली आहे. दुरुस्त करून पत्र जपून ठेवले आहे.

पाटीविषयी माझी बाजू ऐकून घ्यावी. छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळापासून मी प्रुफे वाचत आलो. 'विकरांमुळे' असे कोणी लिहिले तर काना पडला आहे, हे कोणत्याही शहाण्या माणसाच्या लक्षात येईल. असा शब्द खरोखरच असेल तर आधार पाठवावा. मी चूक कबूल करण्यास कचरत नाही. आजवर तशी वेळ आलेली नाही, इतकेच.

पाटी उतरवण्यासाठी मी स्वतः रुग्णालयात गेलो. तेथील सूचनाफलक पाहून मात्र पाय निघेना. 'रुग्नांनी रांगेत ऊभे रहावे.' जेथे डोळे तपासतात तेथे हे एकाच्याही दृष्टीस पडू नये! खिशात पेन्सिल होती. कार्यालयातील लिपिकाने मला रंगेहाथ पकडले, आणि रागावण्याऐवजी चहा पाजला. आता प्रत्येक सूचना टाइप झाली की तो प्रथम माझ्याकडे आणतो. मी नोंदणीच्या खिडकीजवळच्या बाकावर बसतो. सौ.चे टेबल तेथून दिसते. तिने अद्याप मला पाहिले नसल्यासारखे केले आहे. मी वाचलेला मजकूर छापून येईपर्यंत कोणाजवळ बोलत नाही, हा आमच्या धंद्याचा दंडक, हे आपण जाणताच.

एक खाजगी बाब. ती बोलत नाही, हे माझ्या ध्यानात आले आहे. पहिले काही दिवस शांतता बरी वाटली. आता दिवसभर दुरुस्त करण्यासारखे काहीच कानी पडत नाही. यावर आपल्या शास्त्रात काही उपाय असल्यास सुचवावा.

आपला स्नेह निर्दोष आहे, तो तसाच चालू ठेवावा.

आपला,
भावोजी

*

९ जुलै

ती. भावोजींस,

सा. न. वि. वि.

सोबत शास्त्रीय परिभाषेच्या कोशातल्या पानाची झेरॉक्स. डाव्या रकान्यात मध्यावर 'विकर' आहे, मी खूण केलेली नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं. तुम्ही शब्दाचे जाणकार, मी वस्तूचा, आणि दोघांच्या मध्ये सापडली ताई. खरं तर मीच हट्ट सोडून 'एन्झाइम' लिहायला हवं होतं.

तुमच्या त्या एका कान्याने माझ्या विषयाचा पार दवाखाना झाला. विकार असले तर वैद्याकडे जावं लागतं; विकर नसले तर वैद्याकडे जायलाही माणूस उरत नाही. विकर नाहीत असा जीव नाही. पेअरमध्ये आहेत, तुमच्यात, माझ्यात आहेत, त्या अधीक्षकांतही आहेत. नसते तर त्यांना सकाळचा नाश्ता पचला नसता.

ताईबद्दल म्हणाल, तर शास्त्रात उपाय नाही. मेहुणा म्हणून सांगतो: तिला काही समजावायला जाऊ नका. विशेषतः कोश घेऊन जाऊ नका.

वेलांट्या सांभाळून लिहिलंय. चुकलं असेल तर पोटात घाला, पेन्सिलीखाली नको.

तुमचा,
धाकटा

*

२३ जुलै

चि. धाकट्यास,

अनेक, अनेक आशीर्वाद. टेबल वाचलं! आता बसून वाच.

सोमवारी सकाळी गेले तर फलकावर आदेश डकवलेला. सही, शिक्का, सगळं. डोळ्यांसमोर अंधारी आली, आणि तीही नेमकी त्या रुग्णालयात. वाचायचा धीरच झाला नाही. 'बंद करण्यात येत आहे' एवढं दिसलं आणि मी सुऱ्या पुसून डब्यात भरायला लागले. एका पेशंटने बराच वेळ वाचून मला विचारलं की विकर म्हणजे विक्रीकर का, आणि तो मी थकवला म्हणून टेबल बंद होतंय का. मी चमकले. उठून पाहिलं. लिहिलं होतं: 'सदर टेबलावरील फळांत विकर असल्याचे विक्रेतीने स्वतः मान्य केल्यामुळे हे टेबल बंद करण्यात येत आहे.' विकर! विकार नव्हे.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. पेअरची बशी त्यांना रोज लागते, त्या पाटीच्या दिवशीही त्यांनी ती निमूट खाल्ली होती. त्यांनी आदेश मोठ्याने वाचला आणि भिंतीला टेकून हसायला लागल्या. मग अधीक्षकांना तिथेच बोलावलं आणि सगळ्या रांगेदेखत म्हणाल्या की विकर तर प्रत्येक जिवंत पेशीत असतात, आणि माणसाच्या बुबुळाला काळा रंग येतो तोसुद्धा फळ काळं पाडणाऱ्या विकराच्याच एका भाऊबंदामुळे. तेव्हा विकर आहेत म्हणून बंद करायचं तर आधी इमारतीतले सगळे डोळे बंद करावे लागतील, आणि सुरुवात अधीक्षकांच्याच डोळ्यांपासून करावी.

अधीक्षक पडले पेचात. आपल्याला विकार म्हणायचं होतं असं ते पुटपुटले. त्यावर बाईंनी विचारलं की मग कोणता विकार, कुणी तपासला आणि त्याचा अहवाल कुठे आहे. अहवाल कुठला असायला! आणि आपण सही करताना वाचत नाही, हेही त्यांना रांगेसमोर म्हणता येईना. आदेश त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. आता अट एवढीच की फळ गिऱ्हाईकासमोर कापायचं आणि उरलेलं झाकून ठेवायचं. बिस्किटांचं यंत्र वरच्या जिन्याजवळ उभं केलंय. परवा त्याने एकाचं नाणं गिळलं, आणि त्या माणसाने त्याच्याशी जे बोलायचं ते बोलून घेतलं. यंत्राने खरंच उलट उत्तर दिलं नाही.

आता पुढचं ऐक. लिपिकाने मला हळूच सांगितलं की साहेबांच्या त्या आदेशाचं प्रूफ आमच्या ह्यांनीच वाचलं होतं. म्हणजे बघ, माझ्या फाशीचा कागद यांच्या हातात आला आणि यांनी त्यातला काना काढून परत दिला, घरी मात्र चकार शब्द नाही! मी बोलणं टाकलंय हे विसरून तिथेच बाकाजवळ जाऊन त्यांना फैलावर घेतलं. एवढं बोलले, एवढं बोलले की त्यात व्याकरणाच्या दहा तरी चुका असतील. ते एकही न सुधारता ऐकत राहिले. चेहऱ्यावर चक्क समाधान! मग मी जरा नरमून विचारलं, की तो काना माझं टेबल वाचावं म्हणून काढला का? तर कागदातून मान वर न करता म्हणाले, चूक होती, काढली.

अरे, 'तुझ्यासाठी काढला' एवढं खोटं तरी त्यांना बोलता आलं असतं की नाही? पण नाही. हा माणूस शब्दासाठी जीव टाकेल, बायकोसाठी काना काढणार नाही. असो. सरळ आहेत, एवढं मानून घेतलं. रोज माझ्याबरोबरच येतात आता, बाकावर बसतात.

तुझ्यावरचा राग मावळला. जागा रिकामी झालीय, तिथे काय ठेवायचं ते तू ये आणि ठरव.

तुझी,
ताई

*

२६ जुलै

प्रिय मेहुणे यांस,

स. न. वि. वि.

सौ.चे पत्र आपणास पोहोचले असेल. त्यात माझ्याविषयी जे लिहिले असेल ते बहुधा खरे आहे. एक गोष्ट तेवढी खरी नाही, ती आपल्यापाशी बोलतो.

अधीक्षकांच्या मूळ मजकुरात 'विकार' असेच होते. शुद्धलेखनाच्या दृष्टीने शब्द अचूक होता. लेखकास तोच अर्थ अभिप्रेत होता, हेही मला स्वच्छ ठाऊक होते. मुद्रितशोधकाने अक्षर सुधारावे, लेखकाच्या अर्थास हात लावू नये, हा पहिला नियम. मी तो कागद बराच वेळ मांडीवर धरून बसलो. समोर ती एका म्हातारबुवांना केळे कापून देत होती, आणि ते तिचे आभार मानत होते. आपण पाठवलेले पान माझ्या खिशात होते. मी काना काढला.

म्हणजे बरोबर शब्द मी जाणूनबुजून चुकवला. उभ्या आयुष्यात असे पहिल्यांदाच झाले. तिने विचारले तेव्हा मी चूक होती असे म्हणालो. कोणाची, ते सांगितले नाही. खरे सांगण्यात काही गैर नव्हते, परंतु ते वाक्य मला नीट जुळवता येईना.

एवढा प्रमाद करून खेद वाटावयास हवा. मी प्रयत्न करून पाहिला, वाटत नाही. उलट भूक चांगली लागते. हा विकार समजावा की विकर, हे शास्त्रज्ञ या नात्याने आपण कळवावे.

स्नेहात अर्थबदल नसावा.

आपला,
भावोजी

ता. क. — वाचून झाल्यावर हे पत्र फाडावे, सौ.च्या हाती पडू नये. फाडण्यापूर्वी एकदा अनुस्वार पाहून घ्यावेत. घाईत लिहिले आहे.